शिडी आणि त्यांचा तो जिना

मी एक जुनी शिडी आहे. दोन उंच दांडे आणि त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या, एवढाच माझा देह. सध्या मी एका नव्या कोऱ्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असते. माझ्या डाव्या पायाला वाळवी लागली आहे आणि वरची एक पायरी सैल झाली आहे. म्हातारपणी मन मोठं होतं असं म्हणतात. माझं तसं काही झालं नाही. मित्रांनो, या घरात एक जिना आहे, आणि तो माझ्या डोळ्यांत खुपतो. का खुपतो, ते सांगायचं तर मला अगदी पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

मला एका सुताराने घडवलं. धान्याच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीवर चढायला शिडी हवी होती. सुतार मोठा चिकित्सक. दांड्यांसाठी त्याने एकच सरळ लाकूड उभं चिरलं, त्यामुळे माझ्या दोन्ही बाजू सख्ख्या बहिणी झाल्या. पायऱ्यांसाठी त्याने कुदळीच्या दांड्याला वापरतात तसलं चिवट लाकूड घेतलं. खिळा एकही मारला नाही. प्रत्येक पायरी भोकात ठोकून बसवली आणि पाचर मारून घट्ट केली. मग स्वतः मधल्या पायरीवर चढून त्याने दणादण उड्या मारल्या.

"आता हत्ती जरी चढला तरी हलायची नाही," तो गोदामवाल्याला म्हणाला.

गोदामवाला अंगाने चांगलाच भरलेला होता. त्याने सुताराकडे संशयाने पाहिलं. पण मी मात्र त्याच्या पसंतीस उतरले.

ते दिवस माझ्या मानाचे होते. पाठीवर पोतं घेऊन हमाल माझ्यावरून वर जात. खालून कुणी ओरडे, "अरे, धर रे शिडी!" आणि वरून उत्तर येई, "हिला धरावं लागत नाही. हीच आपल्याला धरते." हे वाक्य मी मनात जपून ठेवलं आहे. एवढं कौतुक पुढे माझ्या वाट्याला फारसं आलं नाही.

मग मोठ्या रस्त्यालगत नवं गोदाम झालं. तिथे पोती सरकत्या पट्ट्यावरून आपोआप वर जातात, असं हमाल सांगत. धान्य तिकडे गेलं, हमालही गेले. मालकाने आमच्या गोदामात भिंती घातल्या, त्याच्या खोल्या केल्या आणि त्या भाड्याने दिल्या. एका खोलीत पोती ठेवायचा जुना माळा तसाच राहिला. माळा होता म्हणून मीही राहिले.

त्या खोलीत एक कुटुंब राहायला आलं. घरातला कर्ता माणूस दुधाचा टँकर चालवायचा. तो दोन भावांतला धाकटा, म्हणून सगळे त्याला धाकटा म्हणत, आणि त्याच्या बायकोला धाकटी. धाकटी शिवणकाम करायची. त्यांना एक मुलगी होती. सारखी गरगर फिरायची म्हणून तिला भिंगरी म्हणत. पुढे भिंगरीला एक भाऊ झाला. आणि धाकट्याचे वडील होते, बाबा. पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून त्यांची खाट खाली असे. बाकीची चार माणसं वर माळ्यावर झोपत.

खोली कशी होती, सांगू? खिडकी एकच, तीही गल्लीत उघडणारी. भिंतींना गुडघ्याएवढी ओल. नळ अंगणात, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक. संडास अंगणाच्या पलीकडे. पावसात तिथवर जायचं तर डोक्यावर रिकामं पोतं घ्यावं लागे. माळ्यावर ताठ उभं राहता येत नसे. उन्हाळ्यात वरचा पत्रा असा तापे की, धाकटी मुलांना ओल्या पंच्यात गुंडाळून निजवी. ओलीमुळे भिंगरीच्या भावाचा खोकला काही हटत नव्हता.

मला मात्र ती खोली आवडायची. कारण तिथे माझ्यावाचून कुणाचं पान हलत नसे. सकाळी पहिला पाय माझ्यावर पडे आणि निजताना शेवटचाही. बाबा माझ्या खालच्या पायरीवर बसून बूट घालत. धाकटी शिवून झालेले फ्रॉक माझ्या पायऱ्यांवर वाळत घातल्यासारखे टांगून ठेवी. भिंगरी चालायच्या आधी माझ्यावर चढायला शिकली. धाकटी पोराला कमरेवर घेऊन एका हाताने उतरायची, तेव्हा मी श्वास रोखून धरायची. माझ्यावरून कधी कुणी पडलं नाही.

सगळं असं बरं चाललं असताना थोरल्याने घर बांधलं.

थोरला म्हणजे धाकट्याचा मोठा भाऊ. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याची जागा होती. घरकर्जाच्या कचेरीतून खेड्यातल्या लोकांना घरासाठी कर्ज मिळतं, ते त्याने घेतलं. घर झालं आणि थोरल्याची बायको, म्हणजे धाकटीची जाऊ, आमच्याकडे येऊन बसू लागली.

"आमच्या जिन्याला कठडा बसवला," ती म्हणायची. "पाय घसरायची भीती नाही, काही नाही. मुलं कशी पळत जातात वर!"

धाकटी मान खाली घालून शिलाई मारत राही. पण मशीन जोरात चालू लागे. त्या दिवशीची शिवण हमखास वाकडी जाई आणि उसवावी लागे. थोरली गेल्यावर ती नवऱ्याला म्हणे, "कठडा म्हणे! जसा काही आम्ही कधी कठडाच पाहिला नाही."

"मग पाहिलास का?" तो विचारी.

"गप्प बसा."

धाकटीच्या पोटात दुखत होतं, आणि माझ्याही. मी तो जिना पाहिलेला नव्हता, तरी माझा नुसता जळफळाट होई. जिना म्हणजे आहे तरी काय? आयुष्यभर एका जागी आडवा पडून राहणारा. मला उचला, हलवा, कुठेही टेका, मी उभी राहते. त्याला जमेल का? पण हे बोलायचं कुणाशी? भिंगरीनेच एक दिवस खडूने भिंतीवर जिना काढला, अगदी माझ्या शेजारी. वर कठडाही काढला. मी बाजूला उभी असताना!

शेवटी धाकटीने ठरवलं. "आपणही कर्ज मागू," ती म्हणाली. "त्यांना मिळतं, आपल्याला का नाही?"

"घर पाहावं बांधून," बाबा खाटेवरून म्हणाले. "पण माग. मागायला काय जातं?"

कचेरीत त्यांनी अर्ज दिला आणि काही दिवसांनी एक तपासनीसबाई घर पाहायला आल्या. चपला बाहेर काढून, टेप हातात घेऊन त्यांनी खोलीची लांबी-रुंदी मोजली. ओल हाताने चाचपली. संडास किती लांब, ते स्वतः चालून पाहिलं. मग त्यांनी नियम समजावून सांगितले. घर गावात हवं, शहरात नाही. कमाई फार असायला नको, पण नियमित हवी, म्हणजे हप्ता फेडता येईल. आधीचं धड घर नसावं. आणि आत्ता राहताय ती जागा अपुरी किंवा धोक्याची असावी.

बाबा हसले. "म्हणजे घर वाईट हवं आणि माणूस चांगला हवा!"

"अगदी तसंच म्हणा," तपासनीसबाईही हसल्या. "वर काय आहे?"

"वर आम्ही झोपतो," धाकटी म्हणाली. "मी, हे आणि दोन्ही मुलं."

"वर जायला जिना?"

धाकटीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हीच?"

"हीच."

मित्रांनो, 'हीच' या एवढ्याशा शब्दात केवढा अपमान मावतो, ते मला त्या दिवशी कळलं. बाईंनी मला आधी हलवून पाहिलं. मग जपून वर चढल्या, पत्र्यावर डोकं आपटून घेतलं आणि उलट्या पावली खाली उतरल्या. लिहिता लिहिता त्या मोठ्याने बोलत होत्या. "माळ्यावर जायला उभी शिडी. कठडा नाही. मुलांसाठी धोकादायक."

मी धोकादायक! ज्या पोरीला मी चालायच्या आधी चढायला शिकवलं, तिच्यासाठी मी धोकादायक! संतापाने माझी पाचर न् पाचर सैल व्हायचीच बाकी होती. त्याहून वाईट म्हणजे धाकटी खूश दिसत होती. माझी जितकी निंदा, तितकं त्यांचं कर्ज जवळ येणार होतं.

तेवढ्यात बाईंनी सहज विचारलं, "बाबा, तुमच्या नावावर कुठे घर?"

"माझ्या? छे," बाबा म्हणाले. मग त्यांना आठवलं. "थोरल्याच्या घरावर माझं नाव आहे बहुतेक. त्याची एकट्याची कमाई कमी पडत होती. माझी पेन्शन धरली तर कर्ज मिळेल म्हणाला, म्हणून मी सही केली."

बाईंचं लिहिणं थांबलं.

"मग अडचण आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही या कुटुंबात राहता आणि तुमच्या नावावर धड घर आहे. म्हणजे या कुटुंबाकडे घर आहे असंच आम्हाला धरावं लागतं."

"अहो, पण ते घर आमचं नाही!" धाकटी म्हणाली.

"मला दिसतंय ते. पण नियम तसा आहे. बाबांचं नाव तिथून काढलं, तर थोरल्यांचं कर्ज पुन्हा तपासावं लागेल. नाहीतर बाबांनी त्यांच्याच घरी राहायला जायचं. खरोखर जायचं हं. नुसतं सांगून चालणार नाही, मी दोन्हीकडे येऊन बघणार."

बाई गेल्या. धाकटी पुन्हा मशीनवर जाऊन बसली. आणि मला? मला आनंद झाला. घर होणार नव्हतं. जिना येणार नव्हता. भिंतीवरचा खडूचा जिना आता पुसून जाईल, असं मला वाटलं.

संध्याकाळी जेवताना धाकटी नवऱ्याला म्हणाली, "बाबांची सही घेऊन घर बांधलं त्यांनी आणि बाबा राहतात आपल्याकडे. वर आपणच अपात्र!"

"हळू बोल," तो पुटपुटला.

"एका खोलीत हळू बोलून काय उपयोग?" बाबा म्हणाले. "मी जातो थोरल्याकडे. माझं काय, एक खाट आणि एक पिशवी."

"तुम्ही कुठेही जायचं नाही," धाकटी एकदम तडकली. "जा म्हणून तुम्हाला घालवायचं आणि त्या बदल्यात घर घ्यायचं? नको मला तसलं घर."

"मग नाव काढायला सांगू का दादाला?" धाकट्याने विचारलं.

"त्यांच्या दारात मी तोंड वेंगाडणार नाही. तुम्हीही जायचं नाही."

असे बरेच दिवस गेले. पोराचा खोकला वाढला. धाकटी त्याला छातीशी घेऊन माझ्यावरून खाली येई आणि बाबांच्या खाटेशी बसून शेक देई, कारण वर हवाच नसे. बाबा जागे राहून तिला सोबत करत. तिच्या हातातलं फडकं गार झालं की तिला दुसरं गरम करून देत. मी हे सगळं पाहत होते. तरी मला जिना नको तो नकोच होता. मत्सर असा असतो, मित्रांनो. त्याला खोकला ऐकू येत नाही.

इकडे कचेरीतून थोरल्याला नावाची विचारणा झाली, आणि थोरलीला सगळं कळलं. एका दुपारी ती आली. धाकटी मशीनवर होती, बाबा बाहेर अंगणात बसले होते. थोरली बसली नाही. माझा दांडा धरून उभी राहिली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं होतं?" धाकटी म्हणाली. तिने मशीन थांबवलं नाही. "तुमचं घर पाहून माझ्या पोटात दुखतं, हे?"

थोरली चक्क माझ्या पायरीवर बसली.

"आणि माझ्या पोटात काय दुखतं, ते कधी विचारलंस?"

मशीन थांबलं.

"घर बांधताना मी खाली एक खोली काढली," थोरली सांगू लागली. "बाबांसाठी. न्हाणीघर शेजारी, खिडकीतून ऊन येतं, गुडघ्यांना त्रास नको म्हणून उंबरासुद्धा ठेवला नाही. चार दिवस राहिले आणि 'मुलांची आठवण येते' म्हणून परत इकडे आले. मी ती खोली रोज झाडते. लोक विचारतात, सासरे कुठे? सांगते, धाकटीकडे. पाच माणसं एका खोलीत राहतात, तिथे त्यांना करमतं. माझ्या घरात करमत नाही. कसं वाटत असेल मला?"

"मग तुम्ही इथे येऊन सारखं कठडा, कठडा का करायचात?"

"मग काय करू? माझ्याकडे दुसरं होतं काय सांगण्यासारखं?"

धाकटी हातातल्या कापडाची घडी घालू लागली. घातली, मोडली, पुन्हा घातली. "मीही काही कमी नाही," ती म्हणाली. "तुम्ही आलात की मुद्दाम बाबांना हाक मारायची. त्यांनी 'काय गं पोरी' म्हटलं की बरं वाटायचं. घर तुमचं असेल, पण घरातलं वडीलधारं माणूस माझ्याकडे आहे, असं."

"माहीत आहे," थोरली म्हणाली. "म्हणून तर जास्त जळायचे."

दोघी हसल्या, आणि हसता हसता धाकटीने पदराने डोळे पुसले. मी कान देऊन ऐकत होते. इतकी वर्षं मला वाटे की या खोलीत जळणारी मी एकटीच.

थोरली उठून अंगणात गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"बाबा, घरी चला. कर्जासाठी नाही म्हणत. माझ्यासाठी म्हणते."

"कर्जासाठी म्हणालीस तरी आलो असतो," बाबा म्हणाले. "पण तुझा चहा फार गोड असतो."

"साखर कमी घालीन."

"आणि टीव्ही केवढ्याने लावता गं!"

"आवाज कमी करायला लावीन."

"मुलांना रोज पाठवायचं," बाबा आता धाकटीला उद्देशून आतल्या बाजूला ओरडले. "शाळेतून थेट माझ्याकडे. मग मी जातो."

अशी बाबांची खाट गेली. खाटेच्या जागी भिंतीवरच्या ओलीत एक कोरडा चौकोन उरला. धाकटी तिथे मशीन सरकवायला कितीतरी दिवस तयार नव्हती. तपासनीसबाई दोन्ही घरी येऊन गेल्या. थोरलीकडे बाबा उन्हात पाय सोडून बसलेले दिसले आणि त्यांनी बाईंना कमी साखरेचा चहा पाजला, असं भिंगरी सांगत होती. मग कर्ज मंजूर झालं.

गावाच्या कडेला, थोरल्याच्या घराच्या हाकेच्या अंतरावर, धाकट्याच्या घराच्या भिंती उभ्या राहू लागल्या. तो टँकर लावून आला की भिंतींवर पाणी मारायला जाई. घर लहानसंच होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आत संडास, आत नळ. आणि गच्चीवर जायला जिना. खोलीत परत आले की सगळे त्या जिन्याबद्दलच बोलत. आज पहिली पायरी ओतली. आज कठडा बसला. मला वाटे, कुणीतरी एकदा तरी माझ्याकडे पाहून म्हणेल, "हिनेही बरीच वर्षं काढली हो." कुणी म्हटलं नाही. माणसं आनंदात असली की त्यांना आसपासचं दिसत नाही.

खोली सोडताना मालक म्हणाला, "ही शिडी घेऊन जा हवी तर. मला नाही उपयोग." धाकट्याने मला टँकरच्या मागे बांधून नेलं. नव्या घरात मला पहिलं काम मिळालं ते जिन्याच्या भिंतीला रंग लावायचं. रंगारी माझ्यावर उभा राहून वरचा भाग रंगवत होता आणि मी त्या जिन्याच्याच पायरीवर पाय रोवून उभी होते. इतक्या दिवसांचा वैरी मी तिथे जवळून पाहिला. गुळगुळीत होता. थंड होता. रुंद होता. एकही खोड मला सापडली नाही, याचा तर फारच राग आला.

घर लावून झालं तेव्हा थोरलीकडची सगळी आली. मुलं जिन्यावरून वर-खाली पळत सुटली. पोराचा खोकला तोवर बराच कमी झाला होता. धापा न टाकता तो बहिणीमागे पळत होता. मी तोवर मागच्या दाराशी आले होते, तिथून सगळं दिसत होतं. मग बाबा उठले. जिन्याशी गेले. त्यांनी कठड्यावर हात ठेवला.

"बाबा, राहू द्या," धाकटा म्हणाला.

"थांब रे."

ते एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मध्ये थांबत, वर गेले. दोन्ही सुना त्यांच्या मागे, एकमेकींचा हात धरून. वरून बाबांचा आवाज आला, "अरे, इथून थोरल्याचं घर दिसतं की!"

मित्रांनो, मी इतकी वर्षं त्या माणसाच्या खाटेशेजारी उभी होते. त्यांनी माझ्यावर बसून बूट घातले, पण मी त्यांना कधी वर नेऊ शकले नाही. जिन्याने ते पहिल्याच दिवशी केलं. त्या दिवशी मी जितकी जळले, तितकी आयुष्यात कधी जळले नव्हते. आणि तरीही मला वाटत होतं, बाबांनी आणखी थोडा वेळ वर थांबावं.

तेव्हापासून मी मागच्या भिंतीला आहे. कधी पाण्याची टाकी साफ करायला मला वर नेतात. एरवी ऊन आणि पाऊस, आणि आता वाळवी. जिना रोज पुसला जातो. पण एक गोष्ट मला ठाऊक आहे, ती त्याला कधी कळायची नाही. त्याच्यावरून जाणारी माणसं हात हलवत, गप्पा मारत जातात. माझ्यावर चढायचं तर दोन्ही हातांनी मला धरावं लागतं. त्यामुळे या घरातला प्रत्येक तळहात मला ओळखता येतो. धाकटीच्या बोटाला सुईने पडलेला घट्टा, धाकट्याच्या हाताला स्टिअरिंगने पडलेला घट्टा, भिंगरीचा खडूने माखलेला पंजा. जिन्याला फक्त पाय माहीत आहेत.

परवा धाकटीने माझा वाळवी लागलेला पाय पाहिला. ती खाली बसली, बोटाने भुसा झाडला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, ही अशीच राहिली तर कुजेल. थोडं तेल द्या हिला आणि आत घ्या. जिन्याखाली जागा आहे."

जिन्याखाली! जगात एवढी जागा असताना?

पण मी खरं सांगते, मला कुजायचं नाही. म्हणून मित्रांनो, तुमचं नवं घर झालं आणि जुन्या घरातलं काही बाहेर पावसात उभं असलं, तर त्याला आत घ्या. त्याला तेल द्या, कोरडी जागा द्या, वर्षातून एकदा हात लावा. ते रुसलेलं असलं तरी घ्या. आणि धाकटीला कुणी माझा निरोप सांगणार असाल तर एवढाच सांगा की, जिन्याखाली चालेल. फक्त माझी पाठ त्याच्याकडे करून ठेव.